बेरुश्केचा रंग

ख्रास्तोव,
२१ सप्टेंबर १९३०

चिरंजीव ओतकार यास मामाचे आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ते पेन्सिलीने लिहिलेले होते. लेफ्टनंटच्या हुद्द्यावरील माणसाने वडीलधाऱ्यांना शाईने लिहावे, एवढे सुचवून मुख्य विषयाकडे वळतो.

बेरुश्का तयार झाली. कागदोपत्री तिचे नाव ‘हलकी चिलखती गाडी, प्रायोगिक नमुना’ असे आहे. परंतु ती बुटकी व पाठीला गोल असल्यामुळे आमच्या लोकांनी तिला पहिल्याच दिवशी त्या ठिपकेवाल्या लाल किड्याचे नाव दिले, आणि आता इंजिनियर कुबेलकासाहेबसुद्धा तेच वापरतात. आराखडा कुबेलकासाहेबांचा, गिअरबॉक्स द्राबेक मेस्त्रीच्या विभागाचा आणि रंग माझा.

आपल्या कारखान्याने जुन्या बादशाहीत बग्ग्या केल्या, आणि त्या दूरदूरच्या सरदारांच्या अंगणात उभ्या राहिल्या, हे तू लहानपणापासून ऐकत आला आहेस. आता बग्गी कोणी मागत नाही. मालमोटारींच्या मागण्याही या वर्षी आटल्या. सैन्याच्या समितीने बेरुश्का पसंत केली तर कारखाना चालेल. न केली तर पुढल्या उन्हाळ्यात फाटकाला कुलूप लागेल, असे मालकांनी आम्हा मेस्त्री लोकांना समोर बसवून सांगितले आहे. म्हणून हात राखून काम करण्याचा प्रश्नच नव्हता.

सैन्याच्या पत्रात ‘रंग हिरवा, हवामानास टिकणारा’ एवढेच होते. कुबेलकासाहेब म्हणाले, “ह्लाव्हिन्का, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.” योग्य काय ते मला एकच ठाऊक आहे. अस्तराचे हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पाणी व हलका दगड घेऊन घासला, मग हिरवा रंग, आणि त्यावर वार्निश. वार्निशच्या खोलीत धूळ व तंतू उडू नयेत म्हणून जमीन ओली ठेवली, दारे लावली आणि लोकरी कपडा अंगात असलेल्या कोणासही आत घेतले नाही. पोलादावर असे काम या देशात यापूर्वी झाले असेल असे मला वाटत नाही.

शुक्रवारी रीतीप्रमाणे दाढी केली. बग्गी फाटकाबाहेर जाण्यापूर्वी रंगाच्या मेस्त्रीने सर्वांसमोर तिच्या दारात पाहून दाढी करावयाची, ही आपल्या कारखान्याची जुनी रीत. ती चिलखती गाडीला लागू आहे की नाही यावर थोडी चर्चा झाली. मी साबण लावून उभा राहिलो, तेव्हा ती आपोआप मिटली. बेरुश्केच्या उजव्या दारात माझी मिशी केसन्‌केस दिसत होती. द्राबेक मागून ओरडला, “अलोइस, गालावर राहिलं बघ, फोड आलाय!” मी म्हणालो, “फोड माझा नाही. तुझ्या लोकांनी ठोकलेला रिबिट आहे.” सर्वजण हसले आणि टाळ्या वाजल्या. पहिली टाळी कुबेलकासाहेबांची होती.

समितीसमोर गाडी चालविण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, याचा मला व तुझ्या मामीला अभिमान आहे. दारे हातमोजे घालून उघडावीत.

तुझा मामा
अलोइस ह्लाव्हिन्का

---

मिलोविचे छावणी,
१९ ऑक्टोबर १९३०

प्रिय मामा,

पत्र उशिरा लिहितोय, त्याबद्दल रागावू नका. चाचणी मंगळवारी झाली. आधी वाईट बातमी सांगून टाकतो: समितीने बेरुश्केला पसंती दिली नाही. पण हाकलूनही दिलं नाही. काही दुरुस्त्या सुचवल्यात, आणि मे महिन्यात पुन्हा आणा म्हणालेत. तोवर मालकांनी धीर धरावा, असं कुबेलकासाहेब त्यांना सांगणार आहेत.

काय झालं म्हणाल, तर चढावर गिअर अडकला. एकदाच, पण नेमका त्यांच्या डोळ्यांदेखत. बाकी गाडी उत्तम. वळते अशी की बसल्याजागी गिरकी. आतून आवाज फार, पण तो सगळ्यांचाच असतो.

रंगाबद्दल तुम्ही विचारणारच. मामा, समितीतल्या एकूण एक माणसानं रंग पाहिला. फार लांबून पाहिला. कर्नलसाहेब स्वतः म्हणाले, “असा रंग मी आयुष्यात पाहिला नाही.” अगदी हेच शब्द.

मामींना सांगा, बदकाची चरबी पोहोचली. आमची सगळी खोली पावाला लावून खातेय.

तुमचा
ओतकार

---

ख्रास्तोव,
९ नोव्हेंबर १९३०

चिरंजीव ओतकार यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोन वेळा घरी व एक वेळ ‘सोनेरी सिंह’ या आपल्या नेहमीच्या गुत्त्यात मोठ्याने वाचले. कर्नलसाहेबांचे वाक्य वाचताना मी उभा राहिलो. जाणकार माणसाने दिलेली दाद बसून वाचणे मला प्रशस्त वाटले नाही.

गिअरबॉक्सविषयीचा मजकूर वाचणे भाग होते, तोही वाचला. द्राबेक आमच्याच टेबलाशी होता. चाळीस वर्षांची मैत्री असली तरी कामातील चूक झाकणे मला जमत नाही. मी त्यास म्हणालो, “द्राबेक, हा बिअरचा मग तरी तुझ्या हातून तोंडापर्यंत चढतो का? की अर्ध्यावर अडकतो?” लोक हसले. द्राबेकने माझ्याकडे पाहिले, मग पिऊन संपवला आणि दुसरा मागवला. उत्तर नसलेला माणूस असेच करतो.

तेव्हापासून मी दर शनिवारी त्याच्या प्रकृतीची चौकशी करतो. “आज घराचा जिना चढलास की बायकोने ढकलले?” असे काही. यात वाईट हेतू नाही. मे महिन्यापर्यंत त्याचे लक्ष कामावर राहावे, एवढाच उद्देश आहे. सर्वांची पोटे त्या गाडीवर आहेत.

तुझे पत्र पुन्हा पेन्सिलीने होते.

तुझा मामा

---

मिलोविचे,
२१ डिसेंबर १९३०

प्रिय मामा, मामी,

नाताळात सुट्टी मिळत नाहीये. इथं बर्फ गुडघाभर आहे आणि गाड्या सुरू करायला आम्ही खाली शेगड्या ठेवतो.

मामा, एक विनंती. द्राबेककाकांना फार बोलू नका. गिअर काय, कुणाचाही अडकतो. त्यात चालवणाऱ्याच्या पायाचाही दोष असू शकतो, आणि पाय माझा होता. लहानपणी त्यांनी मला लोखंडाच्या तुकड्यातून भोवरा करून दिला होता, तो मी विसरलेलो नाही. जाऊ द्या ना.

सणाच्या शुभेच्छा. मामींच्या हातचे कोलाचे, ते खसखशीचे गोड पाव, चुकले, याचं दुःख आहे.

ओतकार

---

ख्रास्तोव,
८ फेब्रुवारी १९३१

चिरंजीव ओतकार यास आशीर्वाद.

तुझी विनंती वाचली. तुझे मन मऊ आहे. ते तुझ्या आईकडून आले. माझी बहीणही कोंबडी कापताना दुसरीकडे पाहत असे. परंतु विनंतीची आता गरज उरलेली नाही. द्राबेक आमच्या टेबलाशी बसत नाही. तो खिडकीजवळ एकटा बसतो. मला पाहून टोपी उचलतो, बोलत काही नाही. इतरही अलीकडे मी बोलू लागलो की मगात पाहतात. तुझी मामी म्हणते, “तुम्ही एक दिवस गप्प बसून बघा, कसं वाटतं ते.” मी तिला सांगितले की सत्य बोलणारा माणूस एकटा पडतोच.

आता आनंदाची गोष्ट. मे महिन्याच्या चाचणीसाठी मी तयारी आरंभली आहे. गिअर त्यांचा त्यांनी पाहावा. माझ्या बाजूने कर्नलसाहेबांना पूर्वीपेक्षाही सरस काहीतरी दिसले पाहिजे. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उत्तम वार्निश मागविले आहे, पूर्वी बिशपांच्या बग्गीला वापरले होते त्या प्रतीचे. बेरुश्केला त्याचे आणखी दोन हात देणार आहे. चौकशी केली असता कुबेलकासाहेब गोंधळल्यासारखे झाले, “बघू, बघू” म्हणाले आणि निघून गेले. तेही थकले आहेत. काम महिन्याअखेर सुरू करीन. या वेळी ती टेकडीपलीकडूनही डोळ्यांत भरेल, असा मी तुला शब्द देतो.

तुझा मामा

---

मिलोविचे,
१३ फेब्रुवारी १९३१

प्रिय मामा,

हे पत्र शाईने लिहितोय. वाचून झाल्यावर काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी पूर्ण वाचा आणि ते वार्निश उघडू नका.

गिअर अडकला नव्हता. एकदा कुरकुरला, तो माझ्याच पायानं, आणि समितीला ऐकूही गेलं नाही.

झालं ते असं. गाडीनं जंगलाच्या कडेनं निघून, शेतं ओलांडून, समोरच्या टेकडीपर्यंत शक्य तितकं लपत यायचं होतं. समिती टेकडीवर दुर्बिणी घेऊन उभी. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन. मी अजून झाडीतच होतो, मामा, आणि त्यांना चमक दिसली. कुणीतरी म्हणालं, “तिकडे आरसा घेऊन कोण फिरतंय?” टेकडीवर एक तोफ ठेवली होती, नुसती नेम धरायला. तिच्या माणसांनी मी शेतात चाक टाकायच्या आधीच नेम धरून हात वर केला. म्हणजे खरी लढाई असती तर मी तेव्हाच मेलो होतो.

मी हार मानली नाही. वाटेतल्या ओढ्यात तिला घातली आणि मुद्दाम चिखलात लोळवली. चिखल चिकटेना! तुमच्या वार्निशवरून नुसता घसरून गेला. बाहेर आलो तर आधी होती त्याहून स्वच्छ. शेवटी मी टेकडीशी पोहोचलो, तेव्हा कर्नलसाहेबांनी ते वाक्य म्हटलं. खरंच म्हटलं. फक्त ते खूश नव्हते.

समितीच्या कागदात दुरुस्ती एकच आहे: रंग. बाकी सगळ्याला ‘उत्तम’.

मी खोटं का लिहिलं? आई गेल्यावर तुम्ही मला हात धरून कारखान्यात नेलं होतं, आणि एका काळ्या बग्गीच्या दारासमोर उभं करून म्हणाला होता, “हे बघ, रडताना माणूस कसा दिसतो.” मला हसू आलं होतं. त्या माणसाला हे लिहायला पेन चालेना. पण तुम्ही आणखी दोन हात द्यायला निघालात, आता गप्प राहिलो तर कारखानाच जाईल.

तुमचा अपराधी
ओतकार

---

ख्रास्तोव, १५ मार्च

ओतकार बाळा,

तुझ्या मामांना म्हटलं, पोराला पत्र लिहा, महिना झाला. तर म्हणाले, शाई संपली. बाटली भरून आहे शाई. म्हणून मीच लिहितेय, चुका काढू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचलं, घडी घातली, घड्याळाखाली ठेवलं. जेवले नाहीत. वार्निशचे डबे घरी आणून पलंगाखाली सरकवले. गुत्त्यात जाणं बंद. मी म्हटलं, “अहो, रंगच चुकलाय, गोळी नाही लागली कुणाला!” तर म्हणतात, “फ्रान्तिश्का, लागली असती. त्यालाच लागली असती.”

गेल्या रविवारी प्रार्थनेहून आले आणि कोट न घालता तसेच द्राबेककडे गेले. इतकी थंडी! मला वाटलं आता मारामारी होतेय. तासाभरानं दोघं आले, माझ्या स्वयंपाकघरात बसले आणि द्राबेकनं आणलेलं ते वास मारणारं चीज, आपल्या हाना भागातलं, बिअरबरोबर सगळं फस्त केलं. घर अजून दरवळतंय. काय बोलले ते मला नाही सांगितलं. तेच लिहितील.

खोटं लिहिलंस ते बरं केलं नाहीस. मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. लोकरीचे मोजे पाठवतेय.

मामी

---

ख्रास्तोव,
१९ एप्रिल १९३१

चिरंजीव ओतकार यास आशीर्वाद.

तुझे १३ फेब्रुवारीचे पत्र शाईने लिहिलेले होते, याची नोंद घेतली आहे.

उत्तरास विलंब झाला, कारण उत्तर काय द्यावे हे मला उमगत नव्हते. तू माझ्यावर दया केलीस, असे वाटून मी प्रथम फार संतापलो. मग लक्षात आले की दया तू एकट्यानेच केलेली नाहीस. कुबेलकासाहेबांनी समितीचा कागद ऑक्टोबरातच वाचला असला पाहिजे. म्हणजे कारखान्याला माहीत होते, गुत्त्याला माहीत होते, आणि मी शनिवारमागून शनिवार द्राबेकच्या तोंडावर त्याच्या गिअरबॉक्सची थट्टा करीत होतो. हे कळल्यावर अंथरुणात पडून राहणे सोपे होते. ते माझ्या स्वभावात नाही.

मी द्राबेककडे गेलो. तो दारातच म्हणाला, “कोट कुठंय तुझा?” मी म्हणालो, “गाडी माझ्यामुळे नापास झाली. तुला माहीत होते. तू तोंड का उघडले नाहीस? मी कोणाची दया मागितलेली नाही.”

तो म्हणाला, “दया कसली डोंबलाची! आत ये आधी, गारठशील. अरे, त्या शुक्रवारी तू दाढी केलीस तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या? मी वाजवल्या. कुबेलकानं वाजवल्या. सगळा कारखाना वाजवत होता. लढाईच्या गाडीला आरसा करून ठेवला आणि एकाही गाढवाच्या डोक्यात आलं नाही, की अरे, ही लपवायची आहे! तू एकटा गाढव असतास तर तुला त्याच दिवशी सांगितलं असतं मी, आनंदानं.”

मी विचारले, “आणि मी तुला बोलत होतो ते?”

तो म्हणाला, “ते ऐकून घेतलं. पण तो जिन्याचा विनोद वाईट होता. बायकोला लागला.”

त्याच्या पत्नीची मी त्याच बैठकीत, टोपी हातात घेऊन, माफी मागितली. तिने मला पुरते ऐकविले. त्यानंतरच्या एका शनिवारी गुत्त्यात, गाडी कोणाच्या रंगाने नापास झाली ते मी उभे राहून सर्वांना सांगितले. कोणी हसले नाही. मग द्राबेक म्हणाला, “बसा आता मेस्त्री, बिअर गरम होतेय,” आणि सर्व हसले.

आता कामाविषयी. कुबेलकासाहेब म्हणाले की शहरातून यंत्राने रंग फवारणारे लोक बोलावू, तुम्ही त्रास घेऊ नका. मी त्यांना सांगितले, “साहेब, चकाकी मी आणली आहे. ती मीच उतरवीन. ती कशी येते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती कशी जाते हेही कळणार नाही.” ते “बरं” म्हणाले.

प्रत्येक बग्गीच्या आयुष्यात एक दिवस असा असतो की रंग चढलेला आहे आणि वार्निश चढलेले नाही. त्या दिवशी ती राखेसारखी दिसते. त्या दिवशी मी कधीही पाहुण्याला खोलीत घेतले नाही. अर्धवट कपडे घातलेल्या माणसाला कोणी दारात उभे करीत नाही, तसे ते आहे. आता तोच दिवस शेवटचा करावयाचा होता. शिवाय तो रंग उन्हापावसाला टिकलाही पाहिजे, आणि वार्निशशिवाय तो टिकत नाही.

माझे वार्निश मी स्वतः घासून काढले. कोणास हात लावू दिला नाही. मग जवसाचे तेल कमी, टर्पेंटाईन जास्त, थोडे मेण, थोडी बारीक चाळलेली खडूची पूड, असे जमवीत गेलो. बरेच फसले. जे जमले ते कुंचल्याने ओढले नाही, टोकाने ठोकत लावले, म्हणजे उजेड एका जागी बसत नाही.

परंतु नुसता मंद हिरवाही हिरवाच दिसतो. म्हणून फळ्या रंगविल्या: एकीवर हिरव्यासोबत नांगरटीचा तपकिरी, दुसरीवर वाळल्या गवताचा पिवळट, असे. द्राबेक त्या घेऊन शेताच्या बांधावर उभा राही आणि मी सडकेवरून पाही, कोणती फळी आधी हरवते. एका शेतकऱ्याने त्याला विचारले, “काय मेस्त्री, दारं विकायला निघालात? कारखाना बुडाला वाटतं!” द्राबेकने ओरडून विचारले, “हे दार तुला दिसतंय का?” तो म्हणाला, “दिसतंय की.” द्राबेकने ती फळी खाली ठेवली व दुसरी उचलली. “आणि हे?” शेतकरी म्हणाला, “कुठलं?” तीच फळी आम्ही निवडली.

बेरुश्का आता तशी आहे: हिरवे, तपकिरी, पिवळट पट्टे, एकमेकांत शिरलेले, आणि कुठेही उजेड नाही. शेवटच्या दिवशी लोक रीतीप्रमाणे जमले. द्राबेक म्हणाला, “आज दाढी कुठं बघून करणार?” मी म्हणालो, “घरी. करून आलो आहे.” ती मालगाडीने तुझ्याकडे येत आहे.

तुझा मामा

---

मिलोविचे,
३ मे १९३१

प्रिय मामा,

तुम्ही लिहिलंत, एवढंच मला पुरे होतं. तरी पत्र दोनदा वाचलं, एकदा उभं राहून.

बेरुश्का उतरवून घेतली. मालधक्क्यावरचा कारकून म्हणाला, “साहेब, ही रंगवायची राहिलीय वाटतं?” मी त्याला मिठी मारायचंच बाकी ठेवलं.

चाचणी २१ तारखेला. कुबेलकासाहेबांना दोन माणसं आणायची परवानगी आहे. त्यांनी तुमचं आणि द्राबेककाकांचं नाव दिलंय. तुम्ही टेकडीवर समितीशेजारी उभे राहाल. मी आत असेन, तेव्हा मला तुमचं तोंड दिसणार नाही. नंतर दुरुस्तीखान्यात मला हजर राहावं लागेल, आणि तुमची आगगाडी संध्याकाळची आहे. भेट होईलच असं नाही. म्हणून वर काय झालं ते तुम्हीच मला लिहायचं. काही न गाळता.

शाईनेच आहे.

ओतकार

---

ख्रास्तोव,
२४ मे १९३१

चिरंजीव ओतकार यास आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे काही न गाळता लिहितो.

मी लग्नातला काळा कोट घातला होता. द्राबेकने नवी टोपी घेतली होती व ती त्याला मोठी होत होती. टेकडीवर आम्हाला अधिकाऱ्यांच्या मागे उभे केले. ऊन ऑक्टोबरात तू लिहिलेस तसेच, स्वच्छ होते. मी सकाळपासून ढगाची वाट पाहिली नाही असे म्हणणे खोटे होईल. परंतु एकही आला नाही, आणि नंतर त्याचे मला समाधान वाटले.

खूण झाली. तू जंगलातून निघालास असे आम्हाला सांगण्यात आले. इंजिनचा आवाज येऊ लागला. कर्नलसाहेबांनी दुर्बीण लावली, इतरांनी लावली. तोफेची माणसे तोफ इकडून तिकडे फिरवू लागली. कर्नलसाहेब म्हणाले, “आवाज येतोय. गाडी कुठंय?” कोणी म्हणाले डावीकडे, कोणी म्हणाले ओढ्यात. तोफवाल्यांनी एका गवताच्या गंजीवर नेम धरून हात वर केला. पाहिले तर ती गंजीच होती.

मध्येच तू चढ चढत असावास. इंजिनचा सूर खाली उतरून पुन्हा वर गेला. द्राबेकने माझ्या बरगडीत कोपर मारले. “गिअर ऐकलास? लोणी!” मी म्हणालो, “ऐकला. दिसला नाही.”

हे कर्नलसाहेबांनी ऐकले. ते मागे वळले आणि त्यांनी विचारले, “रंग कुणाचा?” कुबेलकासाहेबांनी मला पुढे केले. कर्नलसाहेबांनी स्वतःची दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “मेस्त्री, तुमचीच आहे ना? मग दाखवा आम्हाला.”

ओतकार, मी माझे काम सरदारांना दाखविले आहे, बिशपांना दाखविले आहे. ते मला दाखविता आले नाही असे कधी घडले नव्हते. मी दुर्बीण लावली. बांध पाहिले, झुडपे पाहिली, नांगरट काठापासून काठापर्यंत पाहिली. तिच्या प्रत्येक पत्र्यावरून माझा हात फिरलेला आहे. तिचे कोपरे मी डोळे मिटून सांगेन. आवाज जवळ येत होता. मला काही दिसेना.

मी दुर्बीण खाली घेतली, टाचा जुळवल्या आणि म्हणालो, “कर्नलसाहेब, मला ती दिसत नाही. आपण शोधावी. मला घाई नाही.”

एक तरुण अधिकारी हसला. कर्नलसाहेब हसले नाहीत. त्यांनी दुर्बीण परत घेतली, आणि त्याच वेळी आमच्या अगदी पायाखाली, निशाणाजवळच्या काटेरी झुडपाचा एक तुकडा हलला, त्याला दार उघडले आणि त्यातून तुझे डोके वर आले. तू कुबेलकासाहेबांना सलाम ठोकलास. तो कर्नलसाहेबांना ठोकावयास हवा होता. असो. गडबडीत होते.

टेकडीवरचे सर्व अधिकारी त्या झुडपाकडे पाहत राहिले. टाळ्या वाजल्या नाहीत. त्या शांततेपेक्षा मोठी दाद मला माझ्या आयुष्यात मिळालेली नाही. परतीच्या गाडीत द्राबेकने डुलकी काढली. मी जागा होतो. खिडकीतून शेते पाहत होतो आणि कोणत्या शेतात ती उभी केली तर सापडणार नाही, याचा विचार करीत होतो.

निकाल कळताच कळव. तुझ्या मामीने काही बोलून दाखविले नाही, पण ती पोस्टमनला रस्त्यातच गाठते.

तुझा मामा

---

मिलोविचे,
१४ जून १९३१

प्रिय मामा, मामी, आणि गुत्त्यातल्या सगळ्यांना,

पसंत!

कागद आज आला. पहिली खेप ख्रास्तोवलाच होणार. संख्या फार मोठी नाही, पण कारखान्याला चांगली पुरेल, आणि पुढची खेप या खेपेवर ठरेल. फाटकाला कुलूप लागणार नाही. कुबेलकासाहेबांना तार गेलीच असेल, पण तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून घोड्यावरून स्टेशनला जाऊन हे टपालात टाकतोय.

आणखी एक. कागदात एक ओळ रंगाबद्दल आहे, ती जशीच्या तशी उतरवतो: ‘रंगकाम मूळ कारागिराच्या पद्धतीनेच व्हावे, सदर कारागिराने छावणीतील रंगाऱ्यांस ही पद्धत शिकवावी, अशी विनंती.’ मामा, सैन्य कुणाला विनंती करत नाही. मी इथं आल्यापासून हा शब्द पहिल्यांदा वाचला.

याल ना? राहायला माझ्याच खोलीत. मामींनाही आणा. इथल्या स्वयंपाक्याला त्या काहीतरी शिकवतील.

तुमचा
ओतकार

---

ख्रास्तोव,
२१ जून १९३१

चिरंजीव ओतकार यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र ‘सोनेरी सिंह’मध्ये द्राबेकने वाचले. मी ऐकले. वाचून झाल्यावर त्याने सर्वांच्या वतीने माझा मग आपल्या हाताने भरून आणला आणि म्हणाला, “घ्या, अर्ध्यावर अडकला नाही.” तेवढे त्याचे देणे मी मान्य केले.

सैन्याची विनंती मला मान्य आहे. कापणीच्या दिवसांआधी येईन, म्हणजे ओट व गहू दोन्ही शेतांत उभे असतील आणि तुझ्या रंगाऱ्यांना त्यांपुढे उभे करून रंग कसा जमवावा हे दाखविता येईल. त्यांनी स्वच्छ हातांनी व शिट्ट्या न वाजविता काम करावे, हे तू आधीच सांगून ठेव. तुझी मामी येईल. पिशवी आजच भरावयास घेतली आहे.

परंतु माझी एक अट आहे. ती तू कर्नलसाहेबांना माझ्या शब्दांत कळवावीस.

गाडीच्या बाहेरच्या रंगाविषयी सैन्य म्हणेल ते अंतिम. ती कोणासही दिसू नये, यासाठी मी जे जाणतो ते सर्व देईन. मात्र चालकाच्या दाराची आतली बाजू माझी. तिथे शत्रूची नजर पोहोचत नाही आणि समितीची पोहोचण्याचे कारण नाही. तिथे मी पांढरा रंग देईन, पूर्ण अस्तरासह, प्रत्येक हात घासून, आणि त्यावर माझ्या पलंगाखालचे वार्निश. प्रत्येक गाडीत, ख्रास्तोवमधून निघणाऱ्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. यात वाटाघाट होणार नाही.

आत जो बसेल तो कोणाचा तरी मुलगा असेल. दार लावल्यावर त्याला अंधारात दुसरे काही दिसले नाही तरी आपण कोणाच्या हातच्या गाडीत बसलो आहोत, एवढे दिसले पाहिजे.

तुझा मामा
अलोइस ह्लाव्हिन्का